सातवा तुकडा

६ फेब्रुवारी

सही करायच्या आधी एकदा विचारलं असतंस तर तुझं काय झिजलं असतं? सोळा वर्षं तू इथे नाहीस. रान कोण बघतं, कोळशाची भट्टी कोण लावतं, कुंपणाला कोण ठोकतं, हे तुला माहीत नाही असं तर नाही ना? मग तिकडे टेबलाशी बसून रानाचा निकाल लावायचा अधिकार तुला कुणी दिला ते मला आधी सांग. बाकीचं नंतर बोलू.

काल सकाळी एक माणूस आला. हातात टेप, खांद्याला पिशवी, पायात नवेकोरे बूट. मी अकराव्या तुकड्यात होते. यंदा अकराव्याची पाळी. तीन खोडं खाली घेऊन झाली होती, चौथ्याला करवत लावली तेवढ्यात हा मागून म्हणतो, "बाई, थांबा. इथे तोड बंद आहे."

मला वाटलं रस्ता चुकलेला आहे. मी म्हटलं, "कुठे जायचंय?" तर म्हणे इथेच यायचं होतं. पिशवीतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत झाडांना पांढरे पट्टे ओढायला लागला. एकेका झाडाला एकेक पट्टा. म्हणे तीस वर्षं या झाडांना हात लावायचा नाही, करार झालाय, तुमच्या भावाने केलाय. रान वाचवायची योजना आहे.

मी हसले. खरंच हसले. मग त्याने कागद दाखवला. तुझी सही. तिच्याखाली माझी.

खोडावर बसले मी. ती माझीच सही होती, मला माझं अक्षर कळतं, शेवटच्या अक्षराला मी जी जास्तीची शेपटी काढते तीसुद्धा होती. जानेवारीच्या सुरुवातीला तू कागद पाठवलास, "इथे सही" असं पेन्सिलीनं लिहून. मला वाटलं बाबांचं नाव काढून आपली दोघांची नावं लावायची आहेत, त्याचं काहीतरी असेल. मी ताठ बसून, जीभ दातांत धरून, नीट सही केली. तू मला फसवलंस. दुसरा शब्द मला येत नाही.

तू विसरला असशील म्हणून सांगते. शहरात राहून माणूस विसरतो. आपल्या रानाचे बारा तुकडे आहेत. दर हिवाळ्यात एक कापायचा, अगदी जमिनीलगत, तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. वसंतात त्याच खोडातून दहा-पंधरा कोंब येतात. बारा वर्षांनी ते मनगटाहून जाड होतात, तेव्हा परत त्याची पाळी. मूळ तेच राहतं. तिसऱ्या तुकड्यात एक खोड आहे ना, जेवायच्या टेबलाएवढं रुंद, ते बाबांच्या आजोबांनीही कापलंय. कापलं म्हणून ते जिवंत आहे. नाहीतर आत्तापर्यंत पोकळ होऊन पडलं असतं. आणि हा बूटवाला मला सांगतो कापणं म्हणजे मारणं.

दहावा मागच्या हिवाळ्यात कापला. वसंतात तिथे जमीन दिसत नव्हती इतकी फुलं होती. त्यांच्या बिया काय वरून पडल्या? त्या अंधारात बारा वर्षं उजेडाची वाट बघत पडून होत्या. नवव्यात आता झुडूप इतकं दाट झालंय की पाखरं त्यात घरटी करतात, मांजराला आत शिरता येत नाही. दर तुकड्याचं वय वेगळं म्हणून दर तुकड्यात वेगळा जीव राहतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मला जेमतेम चौथी झालीय. पण डोळे आहेत.

आणि कोळसा. आपला कोळसा गेला तर लोहार काय थंड लोखंड ठोकेल? दुकानात ती चकचकीत पिशवी मिळते, ती आणेल. आमच्या पोरीने परवा तिच्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. तीन देश ओलांडून येते ती. तिकडचं रान मुळासकट उपटून केलेली, जहाजातून, ट्रकमधून. आपला कोळसा लोहाराकडे हातगाडीवर जातो. इथलं रान वाचवायला तिथलं रान जाळायचं, वा रे तुझा करार.

उत्तर दे. मला वळवळून बोललेलं आवडत नाही, सरळ लिही.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाहीये, नुसतं सांगतेय.

टेपवाला परत आला होता. या वेळी मी त्याला चहा दिला, कारण तुझे दाजी म्हणाले, "आधी ऐकून तर घे, मग मार." माणूस वाईट नाही. बुटाला चिखल लागला होता, त्यामुळे थोडा माणसात आल्यासारखा दिसत होता.

मी त्याला म्हटलं, माझ्या भावाने मला अंधारात ठेवून सही घेतली. तो गडबडला. म्हणाला, "असं कसं? त्यांनी कागदाबरोबर तुम्हाला चार पानी पत्र पाठवलं होतं. सगळं त्यात लिहिलंय, मला त्यांनी तसं सांगितलंय."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

तर ऐक. पत्र आलं होतं. जाड होतं. मी उघडलं, तर टाइप केलेलं. सोळा वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि तेही छापील अक्षरात, जसं काही विजेच्या बिलाचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिल्या ओळीत "प्रिय ताई" होतं तेवढं वाचलं. पुढचं वाचलं नाही. त्या दिवशी भट्टी पेटवायची होती, लाकूड ओलसर होतं, कोरडा कागद हाताशी तोच. चारही पानं त्यात गेली. चांगली पेटली.

म्हणजे मी तुला फसव्या म्हटलं ते मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही. त्या चार पानांत काय होतं ते परत लिही. हाताने लिही.

दाजी हसायला लागले ते थांबेचनात. लोहाराला सांगितलं तर तो म्हणतो, "वहिनी, तुमच्या भावाच्या पत्राने माझा फाळ चांगला तापला हो." गावभर झालं असेल आता.

टेपवाल्याला मी सगळं रान फिरवून दाखवलं. नववा, दहावा, खोडं, कोंब. दहाव्यात तो वाकून बघत राहिला. पण त्याला आवडला कोणता? सातवा. सातव्यात शिरल्या शिरल्या त्याने मान वर केली आणि आवाजच खाली गेला त्याचा. म्हणे, "हे खरं जंगल. तुमच्या भावाने ह्याचाच फोटो पाठवला होता."

सातवा उंच झालाय खरा. आत दुपारी संध्याकाळ वाटते. खाली पाला सोडून काही नाही. एक फूल नाही, एक झुडूप नाही, पाखराचा आवाज नाही. झाडं भट्टीच्या बाजूला झुकलेली, कारण उजेड तेवढाच तिकडून येतो. मी त्याला म्हटलं, हे जंगल नाही, ही गर्दी आहे. तर तो विचारतो, "मग हा तुकडा का नाही कापला तुम्ही? बाकीचे अकरा कापता."

मी म्हटलं, राहून गेला.

तू म्हणशील की राहून कसा गेला. सोळा वर्षांपूर्वी सातव्याची पाळी होती आणि तो तुझा होता, बाबांनी तुला दिला होता पहिल्यांदा. तू स्वतःहून निघून गेलास. मग तो राहून गेला. एवढंच.

एक कामाचं. टेपवाला म्हणतो की साठ दिवसांच्या आत दोघांनी सही करून दिली तर करार मोडता येतो. दोघांनी, एकाने नाही. शेवटचा दिवस पाच मार्च. त्याचा कागद सोबत पाठवतेय, माझी सही मी केलीय. या वेळी वाचून केलीय, पोरीने मोठ्याने वाचला आणि मी प्रत्येक ओळीला मान हलवली. तुझी तेवढी राहिलीय. कळ्या फुगायच्या आत अकरावा संपला पाहिजे. रस वर चढल्यावर कापलं तर खोड रडतं आणि मरतं, हे तरी तुला आठवत असेल.

ताई

१७ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. पेन नर्सचं आहे. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

दाजी जिवंत आहेत. आधी ते लिहायला हवं होतं.

काल दुपारी वारा सुटला. असा काही फार नाही, घरावरची कौलं जागेवर आहेत. भट्टीचा दुसरा दिवस. पांढरा धूर संपून पिवळट व्हायला लागला होता. दाजी भट्टीवर माती थापत होते, वाऱ्याने भेगा पडतात म्हणून. मी तळ्यावर बादली भरत होते.

आवाज आला. फांदी मोडल्याचा नाही, त्याहून जाड. मी वळले तर सातव्याच्या कडेचं एक झाड पडत होतं. हळू पडत होतं. मला अजून तेच कळत नाही, इतकं हळू कसं पडत होतं. मी ओरडले का? दाजी म्हणतात ओरडलीस. मला आठवत नाही.

ते सरळ भट्टीवर पडलं. भट्टी फुटली. दोन दिवस कोंडलेल्या आगीला हवा मिळाली. तू भट्टी पाहिलेली आहेस, तुला सांगायला नको. दाजींचा पाय खोडाखाली होता आणि डावा हात आत, कोपरापर्यंत. मी बादली टाकली नाही, बादलीसकट गेले. टेपवाला सातव्यात काहीतरी मोजत होता, तोही धावला. त्याने आणि मी ते खोड उचललं. दोघांनी. काल संध्याकाळी मी परत जाऊन बघितलं तर ते चार माणसांनी हलणार नाही.

पाय दोन ठिकाणी मोडलाय. हात वाचेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते उन्हाळ्यापर्यंत कळणार नाही. दाजी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले माहितीय? "लोहाराला सांग, कोळसा उशिरा येईल."

मला रडू येत नाहीये. छातीत कुणीतरी ओली माती थापल्यासारखं झालंय.

एक गोष्ट आहे. ती आज लिहिणार नाही.

ताई

२० फेब्रुवारी

तुझं पत्र आज आलं. हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडणारं. दाजींच्या खाटेशी बसून वाचलं, एकटीने, कुणाला वाचायला न देता. अर्धा तास लागला.

तू लिहिलंस, "बाबा गेले तेव्हा मी तासभर आलो होतो. तू माझ्याशी बोलली नाहीस. मी जाताना रानाच्या फाटकापाशी थांबलो. बाकीचे सगळे तुकडे कापलेले होते, फक्त माझा सातवा उभा होता, आभाळाला टेकलेला. ताई, तू माझा तुकडा सोळा वर्षं माझ्यासाठी राखलास. मी गाडीत सगळ्या रस्त्याने रडलो. तू तोंडाने कधी बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून मी करार केला, की तो कुणी कधी कापू नये, आणि तुझ्याही पाठीला आता विसावा मिळावा."

मी ते तीनदा वाचलं. दाजींनी विचारलं काय लिहिलंय, तर मी म्हटलं बरा आहे तो. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता तू बस. खुर्चीवर बस आणि वाच.

मी तो राखला नव्हता. सोडला होता.

तू स्वतःहून गेलास असं मी लिहिलं तेही खोटं. त्या दिवशी तू सातव्यातली दोन खोडं कमरेइतकी उंच कापलीस, वाकायला नको म्हणून. मी लोहाराला हाक मारून बोलावलं आणि त्याच्यासमोर म्हटलं, "बघा, आमच्या साहेबांनी स्वतःला बसायला खुर्च्या केल्यात. तिकडेच जा एखाद्या कचेरीत, इथे तुझ्या हाताने रान मरेल." लोहार हसला. तू तिसऱ्या झाडाला करवत लावलेली होती, पाव आत गेली होती. तू मूठ सोडलीस आणि चालायला लागलास. मला वाटलं जेवायला घरी जातोयस.

बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "ते झाड अर्धवट ठेवू नकोस. आणि उरलेला तुकडा तू घे, त्याची वाट बघू नकोस." मी म्हटलं, घेते. घेतला नाही. माझ्या मनात होतं, ज्याने करवत सोडलीय त्यानेच येऊन धरावी. हिवाळा गेला. बाबांनी विचारलं, मी म्हटलं कापला. त्यांचे गुडघे गेले होते, ते रानात येऊ शकत नव्हते, म्हणून खपलं. चार वर्षांपूर्वी परत सातव्याची पाळी आली. त्यांनी बोटांवर वर्षं मोजून विचारलं, मी परत म्हटलं कापला. मागच्या वर्षी अंथरुणावरून विचारलं, "सातव्यात उजेड पडला का गं?" मी म्हटलं, "पडलाय बाबा, फुलं आलीत." त्यांनी माझ्याकडून ऐकलेलं ते शेवटचं धड वाक्य असेल.

जे झाड दाजींवर पडलं ते तेच, तिसरं. करवत त्यातच होती. सोळा वर्षं मी रोज त्याच्यासमोरून भट्टीकडे गेले. आधी मूठ कुजून पडली. मग सालीने पातं दोन्ही बाजूंनी गिळायला सुरुवात केली. मग बाहेर काहीच दिसेना. मी सगळं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आता मोडल्या जागी ते पातं उघडं पडलंय, गंजलेलं, दात अजून आहेत. टेपवाल्याने त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, आमचं.

तर तुझी ती समजूत. मी ती तशीच राहू दिली असती तर तू जन्मभर मला चांगली म्हणाला असतास. मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या समजुतीवर तू तीस वर्षांचा करार केलास, आणि सातव्यात तसलीच झुकलेली अजून तीसएक झाडं आहेत. त्यांच्याखालून पायवाट जाते. आणखी एक माणूस मी त्यात घालणार नाही.

काल मी सातव्यात गेले. पडलेल्या झाडाने वर भोक पडलंय, तेवढ्यापुरता उजेड जमिनीवर आलाय. जेमतेम खाटेएवढा. तिथे बसून मी सातआठ झाडांची साल बुडाशी नखाने खरवडली. आत हिरवं आहे. मुळं जिवंत आहेत. यंदा जमिनीलगत, तिरकी कापली तर फुटतील, सगळी नाहीत, पण बरीच. तुझी ती कमरेइतकी दोन खोडं मात्र वाळलीत. अंधारात कोंब धरले नाहीत त्यांनी. त्यांच्या खरंच खुर्च्या झाल्यात. मी त्यातल्या एकीवर बसले होते, बसायला बरी आहे.

टेपवाला म्हणतो तो त्याच्या वरच्यांना दाखवायला दहाव्याचे आणि नवव्याचे फोटो नेणार आहे. त्यांना पटो न पटो. त्याचं तो बघेल. आपल्या हातात पाच मार्च आहे.

दाजी या हिवाळ्यात करवत धरणार नाहीत. पुढच्या हिवाळ्याचंही माहीत नाही. अकराव्यातली निम्मी झाडं उभी आहेत आणि सातवा अख्खा. मी एकटी एवढं करू शकत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, त्याची पोच दे.

माफीबिफी मला नीट मागता येत नाही. वर लिहिलंय ते तीच आहे असं समज, किंवा समजू नकोस. रागावलास तर रागाव, तुझा हक्क आहे, मी काही म्हणणार नाही. पण रागाने सही अडवू नकोस. मी रागाने एक तुकडा अडवला, त्याचं काय झालं ते पलीकडच्या खाटेवर झोपलंय.

तो कागद पोस्टात टाकू नकोस. घेऊन ये. येताना जुने कपडे आण. करवत इथे आहे, नवी, मी कालच धार लावून घेतली. लोहाराने धारेचं काही घेतलं नाही आणि या वेळी हसलाही नाही.

येणार की नाही, ते एका ओळीत लिही. अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

ताई